पहाटे धावताना सारस भेटला तर : गोंदियात नव्याने धावू लागलेल्यांसाठी

गोंदिया, आमगाव, तिरोडा या भागात पहाटे पाचला रस्त्यावर उतरलात तर तुम्ही एकटे नसता. पोलीस भरतीसाठी १६०० मीटरची वेळ कमी करायला झटणारी पोरं असतात, बदलीवर आलेले शिक्षक आणि बँकेतले कर्मचारी असतात, मेडिकल कॉलेजचे विद्यार्थी असतात. मैदानं थोडी, त्यामुळे बहुतेकांची धाव गावाबाहेरच्या डांबरी रस्त्यावर नाहीतर पांदणीवर, म्हणजे शेतातल्या कच्च्या वाटेवर, होते. दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या (बांध घातलेले शेताचे तुकडे), मध्येच एखादी बोडी (छोटं तळं), पुढे मामा तलावाची, म्हणजे जुन्या मालगुजारी तलावाची, पाळ. महाराष्ट्रात सारस पक्षी टिकून आहे तो नेमका याच मुलखात, म्हणून धावता धावता तो समोर येण्याची शक्यता राज्यात इतर कुठल्याही ठिकाणापेक्षा इथे जास्त आहे.

तो समोर आल्यावर काय करायचं, हे आधी ठरलेलं असावं. कारण पक्षी थोडे आहेत. अलीकडच्या गणनांमध्ये गोंदिया जिल्ह्यात सापडलेले सारस चाळिशीच्या आत आहेत आणि भंडाऱ्यात तर बोटांवर मोजण्याइतके. वैनगंगा आणि बाघ नदीपलीकडे मध्य प्रदेशातल्या बालाघाटात आणखी काही आहेत, आणि नदी ही आपल्यासाठी राज्याची हद्द असली तरी हे पक्षी तिच्या दोन्ही काठांवर चरतात. उत्तर प्रदेशाचा तो राज्यपक्षी, तिथे त्यांची संख्या हजारांत आहे. इथली स्थिती इतकी नाजूक झाली की २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून जनहित याचिका दाखल करून घेतली. अशा ठिकाणी एका जोडीचं एका वर्षाचं घरटं उधळलं तरी ते नुकसान भरून यायला फार काळ लागतो.

धावणाऱ्याचा यात संबंध काय, असं वाटू शकतं. पर्यटक एकदा येतो आणि जातो. आपण रोज, त्याच वेळेला, त्याच रस्त्याने जातो. आपली सवय चुकीची असेल तर त्या जोडीला रोज त्रास होतो. सवय चांगली असेल तर ती जोडी आपल्याला शेतात राबणाऱ्या माणसांइतकीच निरुपद्रवी समजू लागते.

आधी ओळख पक्की करा

उभा सारस पाच फुटांच्या वर भरतो, मोठा नर सहा फुटांच्या जवळ जातो. उडणाऱ्या पक्ष्यांमध्ये जगात त्याच्याइतका उंच दुसरा नाही. अंग फिकट राखाडी, पाय लालसर गुलाबी, डोकं आणि मानेचा वरचा भाग बिनपिसांचा आणि लालभडक, माथ्यावर राखी टोपी. नर-मादी दिसायला सारखेच, नर थोडा मोठा. पिल्लाच्या डोक्यावर मात्र बदामी पिसं असतात, लाल रंग नसतो.

अंधुक उजेडात रंग कळत नाहीत. तेव्हा दोन खुणा उपयोगी पडतात. पहिली, झाडावर बसलेला कुठलाही मोठा पक्षी सारस नाही. त्याचं मागचं बोट आखूड आणि वर सरकलेलं असतं, त्याला फांदी धरता येत नाही, त्यामुळे तो जमिनीवर नाहीतर उथळ पाण्यातच दिसणार. दुसरी, उडताना मान सरळ पुढे ताणलेली असते. राखी बगळा मान दुमडून उडतो. करकोचेही मान ताणून उडतात, पण ते झाडावर बसतात आणि त्यांना सारसासारखा आवाज नाही.

हिवाळ्यात उजनी किंवा जायकवाडीच्या काठी धावणाऱ्यांना मोठ्या थव्याने दिसतो तो कांड्या करकोचा. नावात करकोचा असला तरी तो सारसासारखाच क्रौंच कुळातला, पण सारसापेक्षा बराच लहान आणि मध्य आशियाकडून येणारा हिवाळी पाहुणा. सारस इथलाच आहे, बारा महिने इथेच राहतो.

महिना पाहून रस्ता निवडा

सारसाचं वर्ष आणि धानाचं वर्ष एकमेकांत गुंतलेलं आहे, त्यामुळे कॅलेंडर लक्षात ठेवणं सोपं जातं.

रोवणी झाली, बांध्यांत पाणी साचलं की घरट्याचे दिवस सुरू होतात. जुलै ते ऑक्टोबर या काळात पांदण आणि धुरे (शेतांचे बांध) पूर्ण टाळा, डांबरी रस्त्यावरच धावा. पावसात पांदणीवरच्या चिखलात तसंही पाऊल टिकत नाही, त्यामुळे हा त्याग फार मोठा नाही. तलावाच्या पाळीवरून धावण्याची सवय असेल तर ती या चार महिन्यांपुरती सोडा. पाळीवरचा माणूस आकाशाच्या पार्श्वभूमीवर उठून दिसतो आणि खाली पाण्यात घरटं असेल तर त्यावरच्या सारसाला तो थेट वरून आल्यासारखा वाटतो.

धानाची कापणी झाली की शेतं मोकळी होतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सारस कापलेल्या बांध्यांत सांडलेले दाणे, किडे, गोगलगायी, बेडूक, कंद असं सगळं वेचताना दिसतो. धावणाऱ्यासाठी हा सगळ्यात चांगला काळ. पिल्लू जगलं असेल तर तिघांचं कुटुंब एकत्र असतं. फक्त धुकं असलं तर तलावाजवळ वेग कमी ठेवा. दाट धुक्यात तुम्ही आणि सारस एकमेकांना फार उशिरा दिसता, आणि दचकून उडालेला सारस तेवढ्याच दाट धुक्यात उडतो. हे का घातक आहे, ते पुढे येतंच.

मार्चपासून पाणी आटत जातं, तसे पक्षी उरलेल्या तलावांवर, नदीच्या पात्रात आणि उन्हाळी धानाच्या ओलिताकडे गोळा होतात. मे महिन्यात एखाद्या तलावात गुडघाभर पाणी उरलं असेल तर तेच त्यांचं पिण्याचं, चरण्याचं आणि रात्री उभं राहण्याचं ठिकाण असतं. तिथून त्यांना उठवलं तर जवळ दुसरी जागा नसते. अशा तलावाला उन्हाळ्यात वळसा घाला.

निघताना

कानात इअरफोन नको. सारस बहुतेक वेळा दिसण्याआधी ऐकू येतो. तुतारीसारखा त्याचा आवाज शांत पहाटे किलोमीटर-दोन किलोमीटरवरूनही पोहोचतो, आणि तो ऐकला की पुढे जोडी आहे हे तुम्हाला आधीच कळतं. डोक्याला बांधायचा टॉर्च असेल तर झोत रस्त्यावर, पायापुढे ठेवा. सारस रात्री उथळ पाण्यात उभे राहून काढतात, त्या पाण्यावर झोत फिरवू नका. कपड्यांवर चमकणारी पट्टी मात्र जरूर हवी. या रस्त्यांवर पहाटे ट्रॅक्टर आणि वाळूचे ट्रक चालतात. पक्ष्यांसाठी म्हणून मळकट कपडे घालून स्वतःचा जीव धोक्यात घालू नये, असं माझं ठाम मत आहे. सारस बिथरतो तो बहुधा तुमच्या येण्याच्या पद्धतीने.

भरतीची पोरं गटाने धावतात, शिट्टी असते, शेवटच्या दोनशे मीटरला एकमेकांना ओरडून जोर देतात. ते थांबवायला कोणी सांगणार नाही. फक्त तो शेवटचा टप्पा तलाव किंवा बोडीच्या कडेला येणार नाही अशी सुरुवातीची खूण ठरवा. रस्ता तोच राहतो, फक्त सुरुवात अर्धा किलोमीटर पुढे-मागे होते.

दिसल्यावर पहिला अर्धा मिनिट

खरं काम इथे आहे, म्हणून सावकाश वाचा.

सारसाला शेतातल्या माणसांची सवय असते. वाकून निंदण करणाऱ्या बायांपासून थोड्या अंतरावर जोडी निवांत चरताना या भागात सर्रास दिसते. सायकलवाला जातो, बैलगाडी जाते, तो मान वर करून बघतो आणि पुन्हा खाली घालतो. धावणारा माणूस मात्र त्याच्या ओळखीचा नाही. त्याच्याकडे धावत येतं ते कुत्रं, नाहीतर त्याला हाकलायला आलेलं कुणीतरी. त्यात तुमचा रोख त्याच्या दिशेने असेल तर त्याच्या दृष्टीने तो हल्लाच.

म्हणून दिसताक्षणी वेग उतरवा, पण एकदम खांबासारखे उभे राहू नका. धावण्यावरून चालण्यावर या, दहा-पंधरा पावलांत. नजर रोखून बघत राहू नका. मग अंतराचा अंदाज घ्या. गावाकडच्या विजेच्या लाइनचे दोन खांब साधारण पन्नास-साठ मीटरवर असतात. तुमच्या आणि सारसाच्या मध्ये किमान दोन खांबांमधल्या अंतराच्या दुप्पट जागा हवी, म्हणजे शंभर मीटरच्या वर. हा मी स्वतःसाठी ठेवलेला नियम आहे, आणि घरट्याच्या दिवसांत तो दुप्पट करतो.

अंतर पुरेसं असेल तर रस्त्याच्या पलीकडच्या कडेने, त्याच्याकडे तोंड न करता, चालत पुढे जा. त्याला पार करून बरंच पुढे गेल्यावर पुन्हा धावायला लागा. अंतर कमी असेल आणि रस्ता त्याच्या जवळूनच जात असेल तर मागे फिरा. हा सल्ला धावणाऱ्यांना आवडत नाही, कारण घड्याळात वेळ चालू असते. पण त्या दिवशीचे किलोमीटर उलट दिशेने पूर्ण करता येतात.

जोडी रस्त्यावरच उभी असेल, जे हिवाळ्यात घडतं, तर वाट बघा. हातवारे, टाळ्या, शिट्टी, काही नाही. चार-पाच मिनिटांत ती स्वतःहून बांधीत उतरते. मागून मोटारसायकल येत असेल तर हात करून तिला हळू करायला सांगा. लोक ऐकतात, बहुतेक जण थांबून स्वतःही बघतात.

आता तारांचं. सारसाचं वजन सहा-आठ किलो आणि पंख पसरले की टोकापासून टोकापर्यंत आठ फुटांच्या आसपास. एवढा पक्षी चिमणीसारखा भुर्रकन उठत नाही. तो काही पावलं पळतो, मग जड पंखांनी हळूहळू उंची घेतो. नेमक्या त्याच उंचीवर शेतातून गेलेल्या विजेच्या तारा असतात. स्वतःच्या मर्जीने उडताना तो दिशा बघून उडतो, दचकून उडताना त्याला तेवढा वेळ मिळत नाही. तारांना धडकून आणि शॉक लागून सारस मेल्याच्या घटना या भागात घडलेल्या आहेत. म्हणून त्याला उडायला न लावणं, हा इथे धावणाऱ्याचा पहिला नियम आहे. उडतानाचा फोटो मिळावा म्हणून पुढे सरकणारे लोक भेटतात. त्यांना वर तार दाखवा.

तो काय सांगतोय

मान खाली, चोच चिखलात, अधूनमधून पाऊल पुढे : सगळं ठीक आहे. एकाने मान ताठ केली, दुसरा चरतोय : त्याने तुम्हाला पाहिलं आहे, तिथेच थांबा किंवा तिरकं निघा. दोघांनीही माना ताठ केल्या आणि तुमच्यापासून दूर चालायला लागले : तुम्ही आधीच जास्त जवळ आला आहात. पंख अर्धवट पाडून, डोकं ताठ ठेवून एखादा तुमच्याकडेच पावलं टाकत आला तर जवळपास घरटं किंवा पिल्लू आहे. त्याच्याकडे तोंड ठेवून मागे मागे सरका. पाठ फिरवून पळू नका. चोच आणि नखं दोन्ही धारदार असतात आणि पिल्लासाठी तो कुत्र्यावरही तुटून पडतो.

नाच दिसला तर तो भीतीचा नसतो. पंख उघडून उड्या, झुकणं, गवताची काडी उचलून हवेत फेकणं, हे जोडी वर्षभर करते.

आणि जोडीचं एकत्र ओरडणं. ते एकदा नीट बघावं, लांबूनच. दोघं शेजारी उभे राहतात, माना सरळ वर, चोची आभाळाकडे. नर पाठीवरचे पंख किंचित उचलतो आणि लांब आवाज काढतो, त्या एका आवाजात मादीचे दोन-तीन आखूड आवाज बसतात. चोच उघडी असते तेव्हा थंडीच्या दिवसांत तोंडातून वाफ निघताना दिसते. एवढा मोठा आवाज येतो तो लांबलचक श्वासनलिकेतून, ती छातीच्या हाडात वेटोळी होऊन बसलेली असते. पहाटेच्या या ओरडण्यातून जोडी आपला इलाका जाहीर करते. ते चालू असताना पुढे जाऊ नका, संपेपर्यंत थांबा. फार वेळ चालत नाही.

घरटं किंवा पिल्लू असेल तर

घरटं पाण्यात असतं. तणस, गवत, पाणवनस्पती यांचा ढीग, मीटर-दीड मीटर रुंद, कधी त्याहून मोठा, चारी बाजूंनी पाणी. अंडी एक किंवा दोन, क्वचित तीन. नर आणि मादी आळीपाळीने महिनाभर उबवतात. रस्त्यावरून तुम्हाला धानाच्या हिरव्यागार पात्यांतून फक्त एक लाल डोकं दिसेल आणि ते बराच वेळ हलणार नाही. तो बसलेला सारस आहे. थांबू नका, बोट दाखवू नका, त्याच वेगाने चालत पुढे निघा, आणि त्या रस्त्यावर महिना-दीड महिना पुन्हा धावू नका. तुमच्यामुळे तो उठला तर अंडी उघडी पडतात आणि कावळ्यांना तेवढा वेळ पुरतो.

पिल्लू अंड्यातून बाहेर आल्यावर लगेचच आई-बापामागे चालू लागतं, पण उडायला त्याला साधारण तीन महिने लागतात. धोका दिसला की आई-बाप एक खालच्या पट्टीतला घरघरता आवाज काढतात. तो ऐकताच पिल्लू जिथे असेल तिथे अंग चोरून पडून राहतं, हलत नाही. त्यामुळे मोठे पक्षी समोर आणि पिल्लू तुमच्या पायाशी, धुऱ्यावरच्या गवतात, असं होऊ शकतं. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मोठे पक्षी अस्वस्थ दिसले तर आल्या पायवाटेनेच परत या, आडवं गवतात शिरू नका. एकटं पडलेलं पिल्लू दिसलं तरी उचलू नका. ते सोडून दिलेलं नाही, लपलेलं आहे.

कुत्रं, खाणं, फोटो

पाळीव कुत्रं घेऊन धावत असाल तर या रस्त्यांवर ते पट्ट्यातच हवं. गावातली मोकाट कुत्री धावणाऱ्याच्या मागे लागतात आणि तुमच्यामागून शेतापर्यंत येतात. वस्ती संपेपर्यंत चालत जा आणि कुत्री मागे राहिल्यावरच धावायला सुरुवात करा. एवढ्यानेही फरक पडतो.

खायला काही टाकू नका, केळं नाही, बिस्कीट नाही, मूठभर धानही नाही. माणसाला सरावलेल्या सारसाचं पुढे भलं होत नाही. उत्तर प्रदेशातल्या अमेठीत एका माणसाच्या मागे मागे फिरणाऱ्या सारसाला २०२३ मध्ये वनविभागाने ताब्यात घेतलं, आणि शेवटी त्याची रवानगी कानपूरच्या प्राणिसंग्रहालयात झाली. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ खाली हा पक्षी संरक्षित आहे, त्याला पाळणं, पकडणं, अंडी हाताळणं हा गुन्हा आहे.

फोटो मोबाईलवर काढा, उभ्या जागेवरून. ठिपक्याएवढा येईल, येऊ द्या. टाकायचा असेल तर गावाचं, तलावाचं नाव लिहू नका, लोकेशन बंद करा. धावण्याच्या ॲपवरही हे विसरू नका, कारण तिथे फोटो नकाशावर नेमक्या जागी चिकटतो. घरट्याचा फोटो कुठेच टाकू नका. या लेखात एकाही तलावाचं नाव मुद्दाम दिलेलं नाही.

जखमी किंवा मेलेला पक्षी

तारेखाली पडलेल्या पक्ष्याजवळ धावत जाऊ नका. तार तुटलेली किंवा लोंबती असू शकते, आणि पहाटेची जमीन ओली असते. आधी वर बघा. मग वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर फोन करा. गाव, जवळचा खांब किंवा मैलाचा दगड, आणि पक्षी हलतोय की नाही, एवढं सांगा. तार खाली आलेली असेल तर महावितरणलाही कळवा. कुणीतरी येईपर्यंत लांब उभं राहून कुत्र्यांना दूर ठेवणं, हे तुम्ही करू शकता असं सगळ्यात मोलाचं काम. पक्षी उचलून, गाडीवर घालून दवाखान्यात नेऊ नका. त्या धावपळीत पाय मोडतात, आणि जिवाच्या भीतीने मारलेली चोच डोळ्यात जाऊ शकते. शेतात एकापेक्षा जास्त पक्षी मेलेले दिसले तर फवारणी झालेलं धान किंवा विष घातलेले दाणे हे कारण असू शकतं. हात लावू नका आणि फोनवर हे आवर्जून सांगा.

शेतकऱ्याशी बोला

घरटं असलेल्या बांधीत थोडं धान आडवं होतं. ते नुकसान शेतकरी सोसतो म्हणून ती जोडी आहे. त्याला खरा वैताग येतो तो बघायला येणाऱ्यांनी धुरे तुडवले, पाण्याची पाळ फोडली की. म्हणून विचारल्याशिवाय कुणाच्या धुऱ्यावर पाय ठेवू नका. सकाळी पाणी बघायला आलेला माणूस भेटला की थांबून, "काकाजी, यंदा जोडी आली का इकडं?" एवढं विचारा. तो तुम्हाला कुठला रस्ता सोडायचा ते सांगेल. तलावावर जाळं टाकणारे ढिवर बांधव तर सारस रात्री कुठल्या कोपऱ्यात उभे राहतात हेही जाणतात. गावोगावचे सारसमित्र, म्हणजे सारस राखणारे स्वयंसेवक, आणि गोंदियातली सेवा ही संस्था याच लोकांना सोबत घेऊन वर्षानुवर्षं घरटी राखत आली आहेत.

नेमाने धावत असाल तर एक छोटी वही ठेवा : तारीख, वेळ, किती मोठे, किती पिल्लं, काय करत होते. जागा तुमच्या खुणेने लिहा, दुसऱ्याला कळणार नाही अशी. जूनच्या सुमारास वनविभाग आणि स्वयंसेवक मिळून पहाटे गणना करतात, तेव्हा त्यांना रोज त्याच रस्त्याने जाणारी माणसं हवी असतात. मे महिन्यातच वनविभागाच्या कार्यालयात जाऊन नाव द्या, आणि वही सोबत न्या.